पाण्याचा ठेका व पंचांची जबाबदारी

गावाला पाणी पुरविण्याचे काम पंचांनी ठेकेदाराच्या स्वाधीन केले, म्हणजे पंच त्या कर्तव्यातून मुक्त झाले काय? हा प्रश्न दिसावयास कायद्याचा आहे, परंतु आमच्या मते तो आधी सदसद्विवेकबुद्धीचा आहे. आणि बीड जिल्ह्यातील आमच्या लहान मंडळ्यांतून जे बंधू व भगिनी ग्रामपंचायतीत निवडून जातात त्यांना तो टाळता येण्याजोगा नाही.

बीड शहराजवळ खजाना विहीर नावाची प्रसिद्ध विहीर आहे. अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळी, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सलाबतखानाने ती बांधविली व जमिनीखालच्या नळाने तिचे पाणी शेतांस पोहोचविले. काम उत्तम झाले यात शंका नाही. परंतु ती सरदाराची कृपा होती, आणि कृपेस जाब विचारता येत नाही. पाणी आले तर दुवा द्यावा, न आले तर गप्प बसावे. पुढे हा मुलूख हैदराबादच्या निजामाकडे गेला, 1948 साली त्यातून सुटला, 1956 साली मुंबई राज्यात व 1960 साली महाराष्ट्रात आला. मग 1993 साली राज्यघटनेची 73वी दुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींकडे सोपवावयाच्या 29 विषयांच्या यादीत पिण्याचे पाणीही आले. सरदाराच्या कृपेच्या ठिकाणी पंचांचे कर्तव्य उभे राहिले. हा फरक लहान नव्हे.

कर्तव्य आले, परंतु त्याबरोबर कसब आले नाही. ज्या सरपंच बाईने जन्मभर डोक्यावरून घागर वाहिली तिला पाण्याची किंमत कोणाही अभियंत्यापेक्षा अधिक कळते. पण नळाचा व्यास, पंपाची शक्ती, निविदेतील अटी तिला कोणी शिकविल्या? म्हणून सरकारने दोन साहाय्ये पुढे केली : एक शिक्षणाचे, दुसरे खाजगी हातांचे. पुण्याच्या ‘यशदा’ संस्थेत पंचायतीच्या सभासदांस शिक्षण मिळते. 2003 साली जागतिक बँकेच्या कर्जाने राज्याच्या 26 जिल्ह्यांत सुरू झालेल्या जलस्वराज्य प्रकल्पात गावाने समिती नेमावी, खर्चाचा दहावा हिस्सा वर्गणीने उभारावा, आणि सेवाभावी संस्थांनी गावकऱ्यांस हिशेब व देखरेख शिकवावी अशी योजना होती. 2019 सालच्या जलजीवन मिशनात माणशी रोज 55 लिटर पाणी हे प्रमाण ठरले व प्रत्येक गावातील पाच स्त्रियांस पाणी तपासण्याचे शिक्षण द्यावे असे ठरले. 2016 साली तर आपल्याच अंबाजोगाई तालुक्यात पाणी फाउंडेशनने गावकऱ्यांस बांध व चर यांचे शास्त्र शिकविले आणि लोकांनी उन्हात श्रमदान केले.

खाजगी माणसाच्या हातून सार्वजनिक काम करविणे हेच मुळी पाप, असे ज्यास वाटते त्याने नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचावा. यरुशलेमेचा कोट सोनारांनी, गांध्यांनी व व्यापाऱ्यांनी बांधला. पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचा भाग उचलला. तकोवाच्या सरदारांनी मात्र मान वाकविली नाही, असेही तेथे नमूद आहे. (सरदारांची ही रीत आमच्या पुष्कळ गावांत अद्याप टिकून आहे.) परंतु हेही ध्यानात घ्यावे की, कोणाच्या हाती काम देण्यापूर्वी नहेम्याने स्वतः रात्री फिरून पडका कोट डोळ्यांनी पाहिला होता, आणि कोणता भाग कोणी बांधला हे नावानिशी लिहून ठेविलेले आहे.

मराठवाड्यातील दोन उदाहरणे पाहा. लातुरात 2008 साली शहराचा पाणीपुरवठा खाजगी कंपनीकडे सोपविला गेला व लोकांच्या विरोधापुढे तो प्रयोग टिकला नाही. औरंगाबादेत, ज्या शहरास आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, जायकवाडीहून समांतर जलवाहिनी टाकण्याचा व पाणी वाटण्याचा करार 2011 साली झाला. 2014 साली कंपनीने कारभार हाती घेतला आणि 2016 साली महापालिकेने करार रद्द केला. दोष कोणाचा होता याची चर्चा येथे करणे नको. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, करार रद्द झाला तेव्हा तहान रद्द झाली नाही. कंपनी गेली व प्रश्न पुन्हा महापालिकेच्या दारात येऊन उभा राहिला. कर्तव्य खरोखरच कंपनीकडे गेले असते तर तेही कंपनीबरोबर निघून गेले असते. ते गेले नाही, याचे कारण ते कधी दिलेच गेले नव्हते. दिले गेले होते ते केवळ काम.

आता शिक्षणाविषयी. कोणी म्हणेल, प्रामाणिकपणा काय वर्गात बसवून शिकविता येतो? नाही येत, हे कबूल केलेच पाहिजे. तीन दिवसांच्या शिबिराने लोभी मनुष्य निर्लोभी होत नाही. फार तर अधिक हुशार लोभी होतो. परंतु याची दुसरी बाजू आम्ही पुष्कळदा विसरतो. प्रामाणिक परंतु अजाण पंच हा अप्रामाणिक ठेकेदाराच्या हाती सापडलेले सर्वांत सोयीचे हत्यार आहे. नळ तीन फूट खोल पुरावयाचा असता एक फूट पुरला. मोजमापाच्या वहीत तीन लिहिले. आणि भल्या माणसाने विश्वासाने सही केली. त्याच्या मनात पाप नव्हते. तरी पहिल्याच उन्हाळ्यात गाडीच्या चाकाखाली तो नळ फुटला, तेव्हा वस्तीच्या टोकाच्या घरातील म्हाताऱ्या विधवेस त्याच्या शुद्ध मनाचा काय उपयोग? नळाचे टोक बहुधा गरिबाच्याच दाराशी असते, आणि पाणी कमी पडले की ते टोकापासून कमी पडते. ज्याने दुसऱ्याचे ओझे पत्करले त्याच्यासाठी मोजावयास शिकणे हाही प्रीतीचाच भाग होय.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात योवाश राजाच्या काळची हकीकत आहे. मंदिराच्या डागडुजीसाठी पैसा याजकांच्या हाती येत असे, तरी राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत डागडुजी झालीच नव्हती. तेव्हा यहोयादा याजकाने एक पेटी घेऊन तिच्या झाकणास भोक पाडले व ती वेदीजवळ ठेविली. पेटी भरली म्हणजे राजाचा चिटणीस व मुख्य याजक असे दोघे मिळून पैसे मोजीत व कामावरील मुकादमांस देत, आणि ते सुतारांस व गवंड्यांस मजुरी देत. पुढे असे सांगितले आहे की, त्या मुकादमांकडून हिशेब घेत नसत, कारण ते सचोटीने वागत. हे वाक्य दाखवून हिशेबास नकार देणारे वडीलजन आम्हांस मंडळ्यांतूनही भेटतात. पण क्रम पाहावा. पेटी उघड्यावर होती, मोजणारे दोन होते, आणि मगच विश्वास आला. जेथे पेटीच दिसत नाही तेथे हा दाखला लागू पडत नाही.

याहूनही बिकट असा एक मोह आहे. गावाची वर्गणी जमत नाही, मुदत संपत येते, तेव्हा ठेकेदार हसून म्हणतो, “तुम्ही कशाला चिंता करता, ती रक्कम मीच भरून टाकतो.” गरीब गावास हे दानच वाटेल. परंतु ज्याच्या कामावर देखरेख करावयाची त्याच्याच पैशाने आपली वर्गणी भरली, तर उद्या त्याच्या नळाकडे बोट दाखविण्यास कोणाची जीभ वळेल? त्या रकमेत गावाचे मौन विकले गेले. तशी वर्गणी भरण्यापेक्षा योजना एक वर्ष लांबली तरी चालेल, असे आमचे मत आहे. आणि हे मत टँकरची वाट पाहणाऱ्या बहिणीस कठोर वाटेल हे ठाऊक असून आम्ही ते लिहितो.

शेवटी, जे गावात नसतात त्यांचे काय? बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी कोयता घेऊन सांगली, कोल्हापूर व कर्नाटकातील उसाच्या फडांवर जातात व उन्हाळ्यात परततात. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत ती घरे कुलूपबंद असतात. त्या दिवशी ठेक्यास मंजुरी घेतली, तर कायद्याची गणसंख्या कदाचित भरेलही. परंतु उन्हाळ्यात परत येऊन कोरड्या तोटीपुढे उभे राहणार आहेत ते त्या सभेत नव्हते. तेव्हा ज्या पंचांचे मन जागे आहे त्यांनी असा ठराव 1 मेच्या सभेपर्यंत राखून ठेवावा, फडावरून आलेल्या माणसांस करार मराठीत मोठ्याने वाचून दाखवावा, नळ कोठवर जाणार व तो फुटल्यास कोणी किती दिवसांत जोडावयाचा हे त्यांना विचारू द्यावे, आणि मग ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे घ्यावेत.