वर्गणी आणि ऋषिऋण

ऑक्टोबरात आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नियतकालिकांच्या नूतनीकरणाची यादी निघते. वर्गणी जानेवारी ते डिसेंबर, पैसे आगाऊ. समितीत प्रश्न ठरलेला: "हे कोणी वाचतं का? नसेल तर बंद करा." संस्कृतच्या एका त्रैमासिकाच्या नोंदकार्डावर अंक आल्याच्या तारखा ओळीने आहेत, वाचकाची सही क्वचितच.

रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेला ग्रंथालयशास्त्राचा पहिलाच नियम सांगतो, ग्रंथ उपयोगासाठी असतात. मग हा अंक का घ्यायचा? मला उत्तर ऋषिऋणात सापडतं. ज्यांच्याकडून ज्ञान आलं ते गेले. त्यांचं देणं पुढच्या अभ्यासकालाच द्यावं लागतं, आणि तो अजून शाळेतही असेल. वर्गणी एक वर्ष तुटली, तर राहिलेले अंक पुढे पैसे मोजूनही मिळतीलच असं नाही. ऑनलाइन करारात कायम हक्काचं कलम नसेल, तर जुने अंकही हातचे जाऊ शकतात. ते कलम मी आधी शोधते.

शेजारच्या ग्रंथालयात सहज मिळणारं नियतकालिक मी सोडते. जे जिल्ह्यात दुसरीकडे नाही, त्यासाठी समितीपुढे दरवर्षी भांडते. न आलेल्या वाचकाची बाजू तिथे दुसरं कोण मांडणार?