चित्राखालचा आकडा

होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ज्या वसाहतीला नाव मिळाले, त्या बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये डिसेंबरची थंडी फार तर शाल पांघरण्याइतकीच पडते. आगर तळ्यावर पहाटे धुके असते, काही गच्च्यांवर कागदी चांदण्या लोंबू लागतात. अशा वसाहतीत, साताऱ्याकडून नोकरीनिमित्त आलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या बैठकीत एक मुद्राचित्र टांगलेले आहे, अशी कल्पना करावी. चित्रात दाट बर्फ आहे, खंदकाच्या काठावर मेणबत्त्यांनी उजळलेले लहानसे झाड आहे, आणि दोन वेगळ्या गणवेशांतले सैनिक हस्तांदोलन करीत आहेत. खाली शिसपेन्सिलीने लिहिले आहे: १३७/५००. पाहुणा आला की यजमान चित्राविषयी बोलतो, पण त्याआधी बोट ठेवतो ते या आकड्यावर. पाचशेच प्रती निघाल्या. आता आणखी निघणार नाहीत.

या आकड्यातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो. जी गोष्ट थोडी आहे तीच मौल्यवान, हा न्याय कोठवर लावावा?

मर्यादित आवृत्तीची प्रथा तशी जुनी आहे. ठरलेल्या प्रती छापून झाल्या की चित्रकार मूळ पत्र्यावर ओरखडे ओढतो किंवा दगडावरचे चित्र घासून टाकतो, म्हणजे पुन्हा छापण्याची वाटच उरत नाही. याच्या उलट टोकाला राजा रविवर्म्याचा छापखाना होता. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेलेला तो छापखाना देवघरोघरी पोचला, तो प्रती मोजून नव्हे. लक्ष्मी-सरस्वतीची ती चित्रे पुष्कळ होती म्हणून कोणाला ती कमी पूज्य वाटली नाहीत. कागदाच्या बाबतीत दोन्ही रीती निर्दोष आहेत. मात्र मर्यादित आवृत्तीचा विषयच जेव्हा माणसामाणसांतला सद्भाव असतो, तेव्हा आकड्याचा अर्थ बदलतो.

चित्रातला प्रसंग काल्पनिक नाही. १९१४ च्या नाताळात फ्लँडर्स आणि उत्तर फ्रान्सच्या आघाडीवर ठिकठिकाणी ब्रिटिश व जर्मन सैनिक खंदकांबाहेर आले, गायले, तंबाखू आणि बटणे यांची त्यांनी देवघेव केली. पण सैनिकांच्या पत्रांतून दिसते ती शुभ्र बर्फाची दुलई नव्हे. दिसतो तो हिमकडाक्याने कठीण झालेला चिखल. त्या दिवशीचे पहिले काम अनेक ठिकाणी हस्तांदोलनाचे नव्हते, दोन खंदकांमध्ये आठवडेच्या आठवडे पडून राहिलेले मृतदेह पुरण्याचे होते. बाहेर आलेल्यांत ३९ व्या गढवाल रायफल्सचे हिंदी सैनिकही होते. सण त्यांचा नव्हता, युद्धही त्यांनी आरंभलेले नव्हते; तरी शत्रूच्या हातात हात देणे त्यांना जमले. चित्रात ते सहसा नसतात.

यापेक्षा अवघड गोष्ट पुढे आहे. हा प्रसंग दुर्मीळ का ठरला? माणसांना तो पुन्हा घडवता आला नसता म्हणून नव्हे. नाताळापूर्वीच, ५ डिसेंबर १९१४ रोजी, जनरल स्मिथ-डोरियन याने शत्रूशी जवळीक करण्याविरुद्ध आपल्या अधिकाऱ्यांना बजावले होते. पुढल्या वर्षी आज्ञा अधिक कडक झाल्या. तरीही १९१५ च्या नाताळात एके ठिकाणी अल्पकाळ गोळीबार थांबला, तेव्हा स्कॉट्स गार्ड्सच्या एका कॅप्टनला त्यासाठी लष्करी न्यायालयासमोर उभे राहावे लागले. म्हणजे पहिल्या प्रती निघताच पत्र्यावर ओरखडे ओढले गेले, आणि ते चित्रकाराने नव्हे, सेनापतींनी ओढले. ज्या दुर्मीळतेचे मोल यजमान अभिमानाने सांगतो, ती मुळात एक जखम आहे.

त्याच १९१५ च्या नाताळाचे दुसरे एक दृश्य आहे. ते मात्र भिंतीवर क्वचितच दिसते. मेसोपोटेमियात, तैग्रिस नदीच्या वळणातल्या कुत-अल-अमारा येथे टाउनशेंडच्या फौजेला तुर्कांनी ७ डिसेंबरपासून वेढले होते. २४ डिसेंबरला तोफांनी तेथील किल्ल्याच्या मातीच्या भिंती फोडून तुर्क आत घुसू पाहत होते. त्यांना थोपवणाऱ्यांत ऑक्सफर्डशायरच्या गोऱ्या शिपायांच्या बरोबरीने १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, म्हणजे जंगी पलटण, होती. देशावरच्या आणि कोकणातल्या त्या पोरांची दत्तजयंती नुकतीच होऊन गेली असेल. साहेबाचा सण उजाडत होता. रात्र झुंजण्यात गेली. येथे ना झाड, ना मेणबत्ती, ना हस्तांदोलन. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले, सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली, आणि त्यांतली हजारो परत आली नाहीत.

मेसोपोटेमियात मेलेल्या, पण कबर ठाऊक नसलेल्यांसाठी बसरा येथे स्मारक उभे राहिले. त्याच्या फलकांवर गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली; साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या. या विषमतेबद्दल कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये जाहीर क्षमा मागितली. आकडा दोन प्रकारची कामे करू शकतो, हे येथे उमगते. कागदावर पडला की तो पाचशे सारख्या प्रतींतून एकीला वेगळेपण देतो; माणसावर पडला की शेकडो वेगळ्या माणसांना सारखे करून टाकतो. कागदाला मिळालेला मान त्या शिपायांना मिळाला नाही.

मग चित्र भिंतीवरून उतरवावे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. थकलेल्या माणसाला दिलासा हवा असतो, आणि माणूस शत्रूच्याही हातात हात देऊ शकतो हे सांगणारे चित्र खोटे बोलत नाही. ते अपुरे बोलते, इतकेच. अपुरे बोलणे हा कलेचा दोष नव्हे, चौकट म्हणजेच निवड. पण चौकटीबाहेर काय राहिले हे विचारण्याची जबाबदारी चित्रकाराइतकीच पाहणाऱ्याची आहे. दिलासा ज्याने घेतला, त्याने ते ऋणही मानावे.

म्हणून एचएसआर लेआउटमधल्या त्या बैठकीत चित्र असू द्यावे. पाहुणा आला की यजमानाने आकडा दाखवायलाही हरकत नाही. फक्त त्यानंतर घरातल्या मुलाने विचारले, की बाबा, हे पुन्हा का नाही झाले, तर उत्तर टाळू नये. प्रती पाचशेच निघाव्यात हा चित्रकाराचा हक्क आहे. सद्भाव मोजकाच असावा, असा हक्क कोणालाही नाही.