दयेपोटी घडणारी हिंसा : आचारदृष्टीने विचार

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी साधकाला निरूपिलेला अहिंसेचा आचार इतका सूक्ष्म आहे की, त्यात मुंगीच्या जीवाचीही काळजी वाहिली आहे. धडधाकट जीवाला मारू नये, हे कोणालाही पटते. परंतु ज्याच्या वाचण्याची आशा उरली नाही आणि ज्याच्या यातना पाहवत नाहीत, अशा जीवाला एका घावाने मोकळे करणे ही दया म्हणावी की हिंसा?

हा प्रश्न केवळ चर्चेचा नाही. दुसरबीडच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी चालू असते. सशाचे लहान पिल्लू चाहूल लागली तरी पळत नाही. निपचित दबून राहते. त्यामुळे ते कधी विळ्याखाली, कधी यंत्राच्या पात्याखाली सापडते. मागचे पाय तुटलेले, श्वास चालू, डोळे उघडे. सोंगणाऱ्यांपैकी कोणी म्हणतो, "दगड घालून सोडवा बिचाऱ्याला." उपदेश घेतलेला वासनिक तेथेच थबकतो.

पूर्वपक्ष दुबळा नाही. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य अवस्थेत तळमळत होते. उपायांची शर्थ झाल्यावर, सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून, गांधीजींनी डॉक्टरकरवी त्याला विषाची सुई टोचविली. 'नवजीवन' पत्रात त्यांनी आपली बाजू उघडपणे मांडली आणि मोठा रोष ओढवून घेतला. त्यात स्वार्थ नव्हता, यातना थांबविणे एवढाच हेतू होता, असे त्यांचे म्हणणे होते. हेतूची ही शुद्धता नाकारता येणार नाही.

आता उत्तरपक्ष. जीव आपल्या कर्माचे फळ भोगतो. घावाने त्याचा देह सुटतो; भोग सरला की नाही, हे परमेश्वरावाचून कोणी जाणत नाही. जे आपल्याला देता येत नाही, ते संपविण्याचा अधिकार आपल्याकडे कोठून येणार? शिवाय दगड उचलणाऱ्याने स्वतःला विचारावे की, असह्य झाले आहे ते कोणाचे दुःख? पुष्कळदा पिल्लाच्या वेदनेपेक्षा आपल्या मनाची कासाविशी थांबविण्याची घाई अधिक असते.

परंतु याच सिद्धांताचा एक दुरुपयोगही होतो. "त्याचे कर्म तो भोगतो आहे," असे म्हणून पुढे निघून जाणारा अहिंसक ठरत नाही. तो निष्ठुर ठरतो. लीळाचरित्रातील सशाची लीळा येथे स्मरावी. पारध्यांपासून पळालेला ससा स्वामींच्या मांडीखाली शिरला. तो शरण आला म्हणून स्वामींनी त्याला पारध्यांच्या हाती दिले नाही. त्यांचे मन वळविले, आणि मग सशाला महात्म्यासारखे आदराने संबोधून जाऊ दिले. तो ससा जखमी नव्हता, म्हणून आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर त्या लीळेत नाही. तिच्यातून आश्रय देण्याचा धर्म मात्र निःसंशय कळतो.

तेव्हा आचार असा. पिल्लाला उन्हातून सावलीत, फडक्यावर ठेवावे. कावळे-कुत्र्यांपासून राखावे. तोंडात बळेच पाणी ओतू नये. ससा वन्य प्राणी आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याला लागू असल्याने वनखात्यास कळवावे, पशुवैद्याला दाखवावे. काहीच शक्य नसेल तर प्राण जाईपर्यंत जवळ बसावे. हे बसणे दगड घालण्याहून कठीण आहे. म्हणूनच ते साधन आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही असाध्य जखमी जनावराचा अंत करण्याची वाट ठेवली आहे, पण ती अधिकारी व पशुवैद्य यांच्या निर्णयातून जाते. वाटेवरच्या कोणाच्याही हातात दगड दिलेला नाही.

महात्म्याने असा घात स्वतः करू नये, दुसऱ्यास सांगू नये, संमतीची मानही हालवू नये. संसारी वासनिकाच्या गोठ्यात एखादे वासरू तळमळत असेल, आणि सर्व उपाय थकल्यावर त्याने पशुवैद्याच्या निर्णयापुढे मान तुकविली, तर इतरांनी त्याला पापी म्हणून हिणवू नये. त्यानेही त्याला पुण्य म्हणू नये. घडले ते हिंसाच होते, हे जाणून अनुतापाने परमेश्वराचे स्मरण करावे. दयेचे नाव दिले की हिंसेचा दोष फिटतो, असे मानू लागलेले मन पुढच्या वेळी थबकत नाही. आणि ज्याचे थबकणे संपले, त्याचा आचारही संपला.