अण्णाच्या आगीमागचे हात

'परिंदा'तला अण्णा आगीला घाबरतो. बायको-मुलाला जिवंत जाळलेला हा माणूस साध्या ज्योतीसमोरही लटपटतो. पापणी न हलवता माणसं मारणारा टोळीचा म्होरक्या ज्वाळा दिसताच लहान मुलासारखा आक्रसतो, तेव्हा प्रेक्षकाला त्याची कीव येते आणि दुसऱ्याच क्षणी त्या कीवेची लाजही वाटते. विधू विनोद चोप्रा यांचा हा चित्रपट 1989च्या नोव्हेंबरात प्रदर्शित झाला. अण्णाच्या भूमिकेसाठी नाना पाटेकर यांना सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नाना मूळचे मुरूड-जंजिऱ्याचे, म्हणजे रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचे. त्यामुळे अण्णाबद्दल बोलताना रायगडकराच्या आवाजात थोडा अभिमान येतो आणि तो यावाच.

पण या चित्रपटाचा रायगडशी असलेला दुसरा धागा समुद्राकडे जात नाही. तो घाटाच्या पायथ्याला, खालापूर तालुक्यातल्या चौकजवळ येऊन थांबतो, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. हा धागा पडद्यावर न दिसणाऱ्या माणसांचा आहे.

'परिंदा'तला कबुतरखान्याचा प्रसंग ज्यानं पाहिला, तो विसरलेला नाही. लहानपणीचे दोन मित्र बऱ्याच वर्षांनी भेटतात. एक परदेशातून परतलेला करण, दुसरा पोलीस इन्स्पेक्टर प्रकाश. अनिल कपूर आणि अनुपम खेर. भेटीचा आनंद चेहऱ्यावर उमटतो न उमटतो तोच गोळ्या सुटतात, शेकडो कबुतरं एकदम उडतात आणि प्रकाश मित्राच्या हातांत कोसळतो. या प्रसंगात बंदुकीपेक्षा पंखांची भीती जास्त वाटते. कुठल्या क्षणी चेहरा सोडायचा, कबुतरांवर कधी जायचं आणि मृत्यूकडे कधी परतायचं, हे ठरवणारे हात रेणू सलुजा यांचे होते. त्या वर्षीचा संकलनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला, आणि पुढे 'धारावी', 'सरदार' आणि 'गॉडमदर'साठीही मिळाला. छायाचित्रण बिनोद प्रधान यांचं. मुंबईच्या रात्रीला त्यांनी असा अंधार दिला की त्यात शहर सुंदरही दिसतं आणि असुरक्षितही. संगीत राहुलदेव बर्मन यांचं, संवाद इम्तियाज हुसैन यांचे. पटकथा शिवकुमार सुब्रमण्यम यांची, आणि अण्णाच्या टोळीतला फ्रान्सिसही त्यांनीच रंगवला. कागदावर टोळी उभी करणारा माणूस पडद्यावर त्याच टोळीत दिसतो, ही गोष्ट ठाऊक असली की चित्रपट पुन्हा पाहताना वेगळी मजा येते.

चोप्रा, प्रधान, सलुजा हे तिघेही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. तिथून शिकून मुंबईत नशीब काढायला निघालेल्या त्या पिढीची वाट भोर घाटातूनच जायची. घाट उतरला की कर्जत. पुण्याला जाणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणारी इंजिनं जिथे जोडली जातात, दिवाडकरांच्या वड्यासाठी प्रवासी जिथे खिडकीतून हात बाहेर काढतात, तेच हे स्टेशन. हिंदी सिनेमाचा चेहरा बदलणारी किती माणसं या फलाटावरून पुढे गेली, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

गुन्हेगारी चित्रपटाची चर्चा आपल्याकडे हमखास दोन गोष्टींवर येऊन अडते. पडद्यावरचा डॉन खऱ्या आयुष्यातला कोण, आणि तो कुणी साकारला? या दोन प्रश्नांतच सगळा वेळ जातो. 'अर्धसत्य'चंच पाहा. 1983चा हा चित्रपट आठवतो तो ओम पुरींच्या वेलणकरमुळे आणि सदाशिव अमरापूरकरांच्या रामा शेट्टीमुळे. त्यामागची कथा श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या मराठी कथेवरून आली, पटकथा विजय तेंडुलकरांची, हिंदी संवाद वसंत देव यांचे, त्यातली कविता दिलीप चित्र्यांची. दिग्दर्शन आणि छायाचित्रण गोविंद निहलानींचं, आणि संकलन पुन्हा रेणू सलुजांचंच. म्हणजे पोलीस आणि गुंड यांच्यातल्या झगड्यावरचा हिंदीतला इतका महत्त्वाचा चित्रपट मराठी साहित्यातून उगवला. तरीही शाळा-कॉलेजात पानवलकर शिकवताना ही गोष्ट किती ठिकाणी सांगितली जात असेल?

अमेरिकेतही असंच घडलं. 'बॉनी अँड क्लाइड' हा 1967चा चित्रपट तिथल्या मंदीच्या काळातल्या दरोडेखोर जोडप्यावर आहे. लोकांच्या लक्षात राहिले वॉरन बेटी आणि फे डनवे. अखेरच्या गोळीबाराचा प्रसंग मात्र संकलक डीडी ॲलन यांच्या टेबलावर आकाराला आला. कलादिग्दर्शक म्हणून डीन टाव्हुलारिस यांचा तो पहिलाच चित्रपट, आणि पाचच वर्षांनी 'गॉडफादर'चं जग उभं करायला त्यांनाच बोलावलं गेलं. त्या चित्रपटात छायाचित्रकार गॉर्डन विलिस यांनी दिवे डोक्यावर लावून मार्लन ब्रँडोचे डोळेच सावलीत ठेवले. डॉनच्या मनात काय चाललंय हे कळू नये, ही किमया त्या दिव्यांची होती.

टाव्हुलारिससारखाच प्रवास इकडे एका कोकणी माणसाचा झाला. नितीन चंद्रकांत देसाई मूळचे दापोलीचे. शिक्षण छायाचित्रणाचं. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ते चित्रनगरीत आले आणि नीतिश रॉय यांच्या हाताखाली 'तमस'च्या सेटवर राबले. कलादिग्दर्शक म्हणून त्यांची कारकीर्द साधारणपणे 'परिंदा'पासून मोजली जाते. त्यानंतर आला '1942: अ लव्ह स्टोरी'. तिथे चोप्रा, प्रधान, सलुजा आणि बर्मन ही जुनीच मंडळी होती आणि कलादिग्दर्शन देसाईंचं होतं. 'परिंदा'त चोप्रांच्या हाताखाली काम करणारा एक सहाय्यक पुढे संजय लीला भन्साळी म्हणून जगाला माहीत झाला. 'खामोशी', 'हम दिल दे चुके सनम' आणि 'देवदास'चे सेट त्यांच्यासाठी देसाईंनीच उभारले. अंडरवर्ल्डवरच्या एका कमी खर्चाच्या, अंधाऱ्या चित्रपटाभोवती जमलेल्या माणसांनी पुढच्या पंधरा वर्षांतलं हिंदी सिनेमातलं सगळ्यात झगमगतं दृश्यविश्व घडवलं. हिंदी सिनेमाच्या इतिहासात या वस्तुस्थितीला जितकी जागा मिळायला हवी, तितकी मिळालेली नाही.

देसाईंना कलादिग्दर्शनाचे चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले: 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर', 'हम दिल दे चुके सनम', 'लगान' आणि 'देवदास'. आणि 2005मध्ये त्यांनी स्वतःचा स्टुडिओ उभा केला. एका बाजूला इर्शाळगड, जवळच मोरबे धरण, जुना मुंबई-पुणे रस्ता हाकेच्या अंतरावर. सुमारे 50 एकर जागा. लोक त्याला सर्रास 'कर्जतचा एन. डी. स्टुडिओ' म्हणतात. तो उभा आहे मात्र खालापूर तालुक्यात, चौकजवळच्या हातनोलीत. पडद्यामागच्या माणसांचं जे होतं, तेच इथे गावाचंही झालं. काम एकाचं आणि नाव दुसऱ्याचं.

याच जागेवर 'जोधा अकबर'साठी मोगली किल्ला उभा राहिला. जे पडद्यावर दगडाचं दिसतं ते जवळून पाहिलं तर बांबू, प्लायवूड, प्लास्टर ऑफ पॅरिस, फायबर आणि रंग. प्लास्टरवर शेवाळ कसं चढवायचं, नव्या भिंतीला पन्नास पावसाळ्यांची ओल कशी आणायची, चाळीच्या जिन्याचा कठडा हातांनी घासून गुळगुळीत झालाय असं कसं भासवायचं, हे सगळं सुतार, रंगारी आणि मोल्डिंगवाल्यांचं ज्ञान. ते पुस्तकात नाही. सेटवर त्यांना नावानं क्वचितच हाक मारली जाते. ते सेटिंगदादा, लाइटदादा, स्पॉटदादा, ड्रेसदादा, मेकअपदादा. 'दादा'त माया आहे, पण श्रेयनामावलीत माया छापता येत नाही. तिथे नाव लागतं.

गुन्हेगारी चित्रपटाला या दादांची गरज इतरांपेक्षा जास्त असते. पुराणकथेतला महाल खरा कसा होता हे कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे चूक खपते. दारूचा गुत्ता, पोलीस ठाण्यातली कोठडी, चाळीची गॅलरी आणि गिरणीमागचं गोदाम प्रेक्षकानं पाहिलेलं असतं. तिथे एक खिळा चुकला तरी खोटेपणा कळतो. 'परिंदा' किंवा 1998चा 'सत्या' बनले तेव्हा कॅमेरा अजून मुंबईच्या खऱ्या रस्त्यांवर नेता येत होता. आज त्यातली गिरणगावची वस्ती उंच इमारतींखाली गेली आहे. सत्तर-ऐंशीची मुंबई दाखवायची तर ती कुठेतरी नव्यानं बांधावी लागते, आणि त्यासाठी मोकळी जमीन, डोंगराची आडोशाची बाजू आणि मुंबईपासून दोन तासांचं अंतर लागतं. कर्जत-खालापूरच्या पट्ट्याला हे तिन्ही आहे.

या जागेच्या कहाणीत दुःखही आहे. वाढत गेलेल्या कर्जाच्या आणि दिवाळखोरीच्या कारवाईच्या काळात, 2 ऑगस्ट 2023 रोजी देसाईंनी याच स्टुडिओत आपलं आयुष्य संपवलं. ते 57 वर्षांचे होते. अंत्यसंस्कारही तिथेच झाले. दुसऱ्यांसाठी इतकी घरं, राजवाडे आणि शहरं उभारणाऱ्या माणसाला स्वतःची वास्तू टिकवण्याची लढाई अशी एकट्यानं लढावी लागली, याची खंत मराठी माणसानं मनातून सहज पुसून टाकू नये. 2025च्या सुरुवातीला स्टुडिओ महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाकडे आला, म्हणजे गोरेगावची चित्रनगरी सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेकडे.

हे चांगलं झालं. पण सरकारच्या ताब्यातला स्टुडिओ भाड्यानं देण्याच्या जागेपुरता उरला तर ते फार थोडं ठरेल. अभिनय आणि दिग्दर्शन शिकवणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. सेटचं सुतारकाम, मोल्डिंग, जुनेपणाची रंगाई, प्रकाशयोजनेची जोडणी नीट शिकवणारी जागा महाराष्ट्रात सहज सापडत नाही. कर्जत-खालापूरच्या गावांतल्या आणि ठाकर-कातकरी वाड्यांमधल्या मुलामुलींना हे कसब त्यांच्याच तालुक्यात शिकता आलं, तर चित्रीकरणाच्या वेळी गर्दीत उभं राहण्यापलीकडचं काम त्यांच्या हाती येईल. प्रत्येक उभ्या सेटपाशी तो कुणी आखला आणि कुणी बांधला, याची नावासकट पाटी लावायला तर फारसा खर्चही नाही. महामंडळानं सुरुवात तिथून करावी.

आणि चौक, खोपोली, कर्जत, नेरळच्या ज्या घरांत सेटवर राबलेला एखादा दादा आहे, तिथल्या मुलांनी सुट्टीत त्याच्याजवळ बसावं. कोणत्या सिनेमाला, कोणत्या साली, कोणाच्या हाताखाली आणि नेमकं काय काम केलं, हे त्याच्याकडून वहीत उतरवून घ्यावं, त्याच्या पूर्ण नावासह.