धूर, अग्नी आणि गळ्यातली गाठ

डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असे आपण म्हणतो. तर्कशास्त्राचा पहिला धडा घेणाऱ्याला हे उदाहरण शतकानुशतके दिले जात आले आहे, आणि अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तही ते आहे. पण त्याच ग्रंथात या उदाहरणाची उलटी बाजूही सांगितली आहे, आणि ती सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. धुरावरून अग्नी ठरवता येतो, पण अग्नीवरून धूर ठरवता येत नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पाहा: त्यात अग्नी आहे, धूर मात्र कुठेच नाही. धूर निघायला इंधन ओले असावे लागते. या अटीला शास्त्रकार ‘उपाधी’ म्हणतात, आणि उपाधी नजरेआड झाली की अनुमान फसते. थायरॉइडचा कॅन्सर आहे असे ज्याला सांगितले जाते त्याच्या मनात पहिल्या दिवशी असेच एक फसलेले अनुमान उभे राहते: कॅन्सर आहे, म्हणजे मरण आले. या भीतीला आपण मनाचा दुबळेपणा समजतो आणि मग धीर देऊ लागतो. माझे म्हणणे असे की ही भीती मुळात ज्ञानातली चूक आहे. ज्ञानातली चूक धीर देऊन जात नाही आणि प्रारब्धाकडे बोट दाखवून तर मुळीच जात नाही. ती नीट जाणून घेतल्यानेच जाते.

थायरॉइड ही कंठमण्याच्या जरा खाली, श्वासनळीला बिलगून बसलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. तिच्या कॅन्सरचे बहुसंख्य रुग्ण ‘पॅपिलरी’ या एका प्रकारात मोडतात. १९८५ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी शवविच्छेदनासाठी आलेल्या १०१ मृतदेहांच्या थायरॉइड ग्रंथींचे बारीक काप करून पाहिले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक ग्रंथींत हा कॅन्सर सापडला. बहुतेक गाठी काही मिलिमीटरच्या. जिवंतपणी त्यांचा कोणाला पत्ताही नव्हता. याहून मोठा पुरावा दक्षिण कोरियाने, नकळत, दिला. तिथे १९९९ साली काही कॅन्सरांसाठी राष्ट्रीय तपासणी मोहीम सुरू झाली. थायरॉइडचा कॅन्सर त्या यादीत नव्हता, पण दवाखान्यांनी थोड्या जादा पैशांत गळ्याची सोनोग्राफीही जोडून द्यायला सुरुवात केली. २०११ पर्यंत या कॅन्सरच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झाले, त्या एका वर्षात ४० हजारांहून अधिक लोकांना हे निदान ऐकावे लागले, आणि मृत्यूंचे प्रमाण मात्र जिथल्या तिथे राहिले. रोग खरोखर पंधरा पट वाढला असता तर मृत्यू वाढले असते. लवकर सापडल्याने जीव वाचत असते तर मृत्यू घटले असते. दोन्हींपैकी काहीच झाले नाही. अग्नी पंधरा पट दिसू लागला, धूर होता तेवढाच.

आता जपानकडे पाहा. कोबे शहरातल्या कुमा रुग्णालयात अकिरा मियाउची यांनी १९९३ साली एक धाडसी प्रस्ताव मांडला: गाठ एक सेंटिमीटर किंवा त्याहून लहान असेल, ती पसरलेली नसेल आणि श्वासनळीला किंवा स्वरयंत्राच्या नसेला खेटून नसेल, तर लगेच शस्त्रक्रिया न करता वर्षातून एक-दोनदा सोनोग्राफी करत लक्ष ठेवावे. २०१४ साली तिथल्या डॉक्टरांनी अशा १,२३५ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध केला. दहा वर्षांत शंभरातल्या आठांची गाठ तीन मिलिमीटर किंवा अधिक वाढली आणि चारांहून कमी जणांच्या मानेतल्या लसिकाग्रंथींत कॅन्सर दिसला. गरज पडली त्यांच्यावर मग शस्त्रक्रिया झाली. या कॅन्सरने त्या सगळ्या रुग्णांपैकी कोणीही दगावले नाही. मला या आकड्यांइतकेच त्या रुग्णांचे मोल वाटते. गळ्यात कॅन्सर आहे हे ठाऊक असताना ही माणसे रोज सकाळी कामाला गेली. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत ज्याला विवेक म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

कॅन्सर या शब्दाचेच वजन किती असते याचाही एक दाखला आहे. पॅपिलरी कॅन्सरच्या एका उपप्रकारात गाठ स्वतःच्या आवरणात पूर्ण बंदिस्त असते आणि आवरण भेदून बाहेर पडत नाही. अशा रुग्णांचा वर्षानुवर्षांचा इतिहास तपासून २०१६ साली अनेक देशांतल्या रोगनिदानतज्ज्ञांनी त्या उपप्रकाराच्या नावातून ‘कॅन्सर’ हा शब्द काढून टाकला. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी त्याच, फिकट केंद्रकांवर कॉफीच्या बीसारखी उभी खाच असलेल्या. बदलले फक्त नाव, आणि त्या नावाबरोबर पुढचे किरणोत्सारी औषध आणि अनेक वर्षांची धास्ती टळली. शब्द हे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, आहे असे आपली परंपरा मानते, पण तो आप्ताचा शब्द असेल तरच, म्हणजे वस्तू जशी आहे तशी जाणणाऱ्याचा आणि तशीच सांगणाऱ्याचा. गावगप्पांतला ‘कॅन्सर’ हा शब्द त्या कसोटीला उतरत नाही, कारण तो शंभर वेगवेगळ्या रोगांना एकच नाव देतो.

यावर पहिला आक्षेप रास्तच आहे: मग या कॅन्सरने माणसे मरतातच ना? मरतात. ‘ॲनाप्लास्टिक’ हा प्रकार बहुधा उतारवयात येतो, गाठ काही आठवड्यांत डोळ्यांदेखत वाढते, आवाज बसतो, श्वास कोंडतो, आणि निदानानंतर बहुतेकांच्या हाती काही महिनेच उरतात. ‘मेड्युलरी’ प्रकार काही कुटुंबांत पिढ्यांतून उतरतो, आणि तिथे नात्यातल्या इतरांची जनुकीय तपासणी करून घेणे हे कर्तव्यच ठरते. म्हणूनच मला ‘थायरॉइडचा म्हणजे चांगला कॅन्सर’ हे हल्लीचे सांत्वनही मान्य नाही. ते पहिल्या चुकीचे उलटे रूप आहे. आधी सगळ्या अग्नींना धूर असतो म्हणत होतो, आता कुठल्याच अग्नीला नसतो म्हणू लागलो. शिवाय जिच्या गळ्यावर टाके पडले आहेत, जिचा आवाज पूर्वीसारखा चढत नाही, तिला ‘तुझा तर चांगला कॅन्सर’ म्हणणे म्हणजे तिचे दुःख नाकारणे होय. ओले इंधन कुठे आहे ते पाहावे लागते: प्रकार कोणता, वय किती, गाठ केवढी, ती कुठवर पोचली. याची उत्तरे मिळेपर्यंत भीतीलाही आधार नसतो आणि निश्चिंतीलाही नसतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. शोधलेच नाही तर सापडणार नाही, हा तर अज्ञानात सुख मानण्याचा सल्ला झाला! इथे न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यातला एक विचार फार उपयोगी पडतो. जे अजिबात ठाऊक नाही तिथे विचारपद्धती लागू होत नाही, जे ठरून गेले आहे तिथेही नाही. जिथे संशय आहे तिथेच ती लागू होते. थायरॉइडबाबत संशयाला जागा कुठे असते ते माहीत आहे. आरशासमोर हनुवटी किंचित वर करून पाण्याचा घोट घ्या. थायरॉइडमधली गाठ घोटाबरोबर वर सरकते आणि पुन्हा खाली येते, कारण ग्रंथी स्वरयंत्राला आणि श्वासनळीला चिकटलेली असते. अशी गाठ दिसली, सर्दी-खोकला नसताना आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला, गिळताना अडकू लागले, मानेच्या बाजूला कडक गाठ हाताला लागली, किंवा लहानपणी गळ्यावर किरणोपचार झालेले असले, तर तो डोंगरावर दिसलेला धूर आहे. मग सोनोग्राफी करावी, डॉक्टर म्हणाले तर बारीक सुईने पेशी काढून तपासाव्यात, आणि ‘दुखत तर नाही’ म्हणून थांबू नये, कारण ही गाठ बहुधा दुखत नाहीच. (तपासलेल्या बहुतेक गाठी साध्याच निघतात, हेही त्याच दमात सांगायला हवे.) यातले काहीच नसताना केवळ तपासणीच्या पॅकेजमध्ये बसते म्हणून गळा धुंडाळणे वेगळे. लक्षणे नसलेल्या प्रौढांची अशी तपासणी करू नये असे अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञगटाने २०१७ साली सांगितले. त्या धुंडाळण्याची किंमत कोरियाने शरीराने मोजली. शस्त्रक्रिया झालेल्या १५ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा शंभरातल्या ११ जणांच्या पॅराथायरॉइड ग्रंथी निकामी होऊन कॅल्शियमचा तोल गेला होता आणि दोघांचा स्वरतंतू लुळा पडला होता. २०१४ साली तिथल्याच काही डॉक्टरांनी हे थांबवा असे जाहीर आवाहन केले आणि वर्षभरात शस्त्रक्रिया सुमारे एक तृतीयांशाने घटल्या.

आणि प्रारब्ध? आपल्या घरांत निदानानंतर पहिल्या आठवड्यात कोणीतरी हळू आवाजात म्हणतेच, ‘मागच्या जन्मीचं काहीतरी असेल.’ कर्मसिद्धान्तावर माझा वाद नाही. पण अमुक कर्माचे फळ अमुक रोग, ही जोडी कोणी पाहिली आहे? व्याप्ती, म्हणजे एक असले की दुसरे असतेच हा नियम, ठरायला दोन गोष्टी पुन्हा पुन्हा एकत्र पाहाव्या लागतात. मागचा जन्म ज्याला दिसत नाही त्याला या जन्मातल्या गाठीचा त्याच्याशी संबंध सांगण्याचा अधिकार त्याच सिद्धान्ताने दिलेला नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात आयुष्य आधीच ठरलेले असते का, असा प्रश्न थेट विचारला आहे. तिथले उत्तर सांगते की दैव आणि पुरुषार्थ दोन्ही मोजावे लागतात, आणि दृष्टान्त देते गाडीच्या आसाचा: नीट चालवलेल्या गाडीचा आस आपल्या काळाने झिजतो, वाजवीहून जास्त ओझे लादले, रस्ता वाईट असला तर मध्येच मोडतो. आस मध्येच का मोडला हे शोधता येते, वैद्यकाला आधार हाच. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर तिथल्या मुलांमध्ये थायरॉइडचा कॅन्सर वाढला तो हवेतून गवतात, गवतातून दुधात उतरलेल्या किरणोत्सारी आयोडीनमुळे. त्या लेकरांच्या पूर्वजन्माचा हिशेब मांडणारा माणूस ना शास्त्र जाणतो ना दया.

ओळखण्याचा प्रश्न अनुमानाचा आहे, तर बरे होण्याचा प्रश्न अभावाचा आहे. ‘आता कॅन्सर नाही’ हे ‘नाही’ कळते कसे? जमिनीवर घडा नाही हे आपण कसे जाणतो, यावर आपल्या दार्शनिकांनी पिढ्यानपिढ्या वाद घातला. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती म्हणाले, न दिसणे हे स्वतंत्र प्रमाण आहे. नैयायिकांनी ते मानले नाही. पण एका अटीवर सगळ्यांचे एकमत होते: घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तो नाही असे ठरत नाही. या रोगाच्या उपचारात ही अट अक्षरशः पुरी केली जाते. ग्रंथी काढल्यावर, गरज असेल त्यांना, किरणोत्सारी आयोडीन देतात. परळला टाटा रुग्णालयाच्या ॲनेक्स इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून हे काम करत आहे. आधी काही दिवस आयोडीनचे मीठ आणि मासळी बंद, जेणेकरून थायरॉइडच्या पेशी आयोडीनसाठी भुकेल्या होतील. मग त्या औषधातले आयोडीन ओढून घेतात आणि त्यानेच मरतात. रुग्णाला एक-दोन दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात, जेवण दाराशी येते, यंत्राने किरणोत्सार मोजूनच घरी सोडतात, आणि घरीही लहान मुलांपासून, गरोदर स्त्रियांपासून काही दिवस अंतर ठेवायला सांगतात. ज्या समाजाने विटाळाच्या नावाखाली माणसे दूर ठेवली त्या समाजात हे आवर्जून सांगितले पाहिजे की या अंतराला मोजता येणारे कारण आहे आणि शेवटही आहे: हे आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मे होते. अंतराची मुदत संपल्यावरही जो नातेवाईक उपचार घेऊन आलेल्या बाईच्या हातचे पाणी पीत नाही, तो पाप करतो.

मग येते थायरोग्लोब्युलिनची रक्ततपासणी. हे प्रथिन शरीरात फक्त थायरॉइडच्या पेशी बनवतात. ग्रंथी काढली, उरलेल्या पेशी आयोडीनने मारल्या, तर ते रक्तात असायलाच नको. पेशी कुठे लपल्या असत्या तर ते दिसले असते. दिसत नाही, म्हणून नाही. काहींच्या रक्तात या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे असतात आणि ती खरे प्रमाण झाकतात, म्हणून डॉक्टर त्यांचीही तपासणी सोबत करतात. खोलीत आधी दिवा लावायचा, मग घडा शोधायचा. कोणी म्हणेल, हा रोग वीस वर्षांनीही उलटतो, मग या ‘नाही’चा भरवसा काय? खरे आहे, म्हणून तपासण्या चालू राहतात. पण आज जमिनीवर घडा नाही, हे ज्ञान उद्या कोणी तिथे घडा ठेवल्याने खोटे ठरत नाही. निरोगीपणाचे कुठलेही ज्ञान एवढेच असते, कधीच आजारी न पडलेल्या माणसाचेही.

उरतो गोळीचा प्रश्न. पूर्ण ग्रंथी गेली की थायरॉक्सिनची गोळी जन्मभर, रोज सकाळी उपाशीपोटी. ‘जन्माची गोळी लागली, मग बरी कुठे झालीस?’ हे वाक्य अनेकींना ऐकावे लागते. (‘अनेकींना’ म्हणतो, कारण हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांना सुमारे तिप्पट होतो.) त्या गोळीतला रेणू ग्रंथी बनवत होती तोच आहे. आपल्या भाषेत आरोग्याचा शब्द ‘स्वस्थ’ असा आहे, स्वतःच्या ठायी असलेला, आणि गोळी घेऊन शेतात, कचेरीत, शाळेत आपले काम करणारी बाई त्या शब्दात पूर्ण बसते. ती बरी झाली आहे. तिला भेटायला जाल तेव्हा हे मनात पक्के धरून जा, प्रारब्धाचा विषय काढू नका, पुढची तपासणी कधी आहे ते विचारा. आणि सकाळी गेलात तर तिच्यासोबत चहाला तासभर थांबा, गोळी घेतल्यावर तेवढा वेळ पोट रिकामे लागते.