डोळ्याची सवय

माय 2006 साली गेली तेव्हा घरात तिचा एकही फोटो नव्हता. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भावकीतले म्हणाले, तू तर पेंटर माणूस, तूच काढ की मायचं चित्र. मी कागद घेऊन बसलो. कपाळ काढलं, कुंकवाचा डाग काढला, पदर काढला. पुढं हात चालेना. नाक कसं होतं? वरचा ओठ पातळ का जाड? पंचेचाळीस वर्षं जिच्या हातची भाकर खाल्ली तिचा चेहरा मला येत नव्हता.

मी आष्टीचा. तालुका परतूर, जिल्हा जालना. जन्म बोर्ड रंगवण्यात गेला. 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला आणि परतूर तालुका परभणीतून जालन्यात आला, तेव्हा कित्येक पाट्यांवरचं 'जि. परभणी' पुसून 'जि. जालना' मी लिहिलं. नामांतराच्या घोषणा भिंतीवर लिहिल्या. दर 14 एप्रिलला बाबासाहेब काढले. डोळे मिटून काढीन इतके काढले, पण सगळे छापील चित्रावरून. पुढाऱ्यांची तोंडं काढली, दुकानदारांचे देव काढले. ज्यानं पैसे दिले त्याचं पाहिलं. माय पैसे देणारी नव्हती. म्हणून ती पाहायची राहून गेली.

त्या रात्रीपासून मी रोज एक चित्र काढतो. कुणासाठी नाही, विकायला नाही. मित्रांनो, हे सांगताना मला लाज वाटते, कारण आपल्या वस्तीत या गोष्टीला चैन म्हणतात. बायको म्हणाली, "दिवसभर हात मोडून आलात, आता पुन्हा कामून हाताला काम लावायलात?" तिचा सवाल खोटा नव्हता. ज्याला उद्याची मजुरी ठाऊक नाही त्यानं रोज अर्धा तास फुकट घालवावा का? यावर मी बरीच वर्षं विचार केला. तोच इथं मांडतो.

पहिली गोष्ट. आपण पाहतो म्हणतो, पण पाहत नाही. कामापुरतं ओळखतो. 1972 च्या दुष्काळात माय खडी फोडायला जायची. मी दहा वर्षांचा. दिवसभर तिच्याजवळ बसून असायचो. माझं लक्ष सुकडी कधी वाटतात त्याकडं. मायचा हातोडा कुठल्या हातात होता हे आज मला सांगता येत नाही. कागदावर काढायला बसलं की ही लबाडी उघडी पडते. हात विचारतो, सांग, पुढं काय आहे? डोळ्याला उत्तर द्यावंच लागतं.

दुसरी गोष्ट यापेक्षा मोठी आहे. जात ही पोथीत असते असं आपण म्हणतो. पोथीत असतेच. पण पोथी रोज कोण वाचतो? जात रोज जगते ती सवयीवर. समोरून माणूस आला की नजर वळवायची, हातात न देता वरून टाकायचं, नाव न विचारता 'अरे' म्हणायचं. याला कुणी विचार करत नाही. पिढ्यान् पिढ्या रोजचा सराव झालाय, म्हणून डोळा आपोआप वळतो. मामाच्या गावच्या शाळेत मी एलिमेंटरी परीक्षेची तयारी करत होतो. वस्तुचित्राला पाण्याचीच तांब्याची कळशी मांडलेली. एरवी त्या कळशीला आम्ही हात लावायचा नाही. त्या दिवशी मात्र तिचा गोलावा, तिच्यावरची उजेडाची तिरीप नीट बघून काढ म्हणाले. मी काढली. वर्गात सगळ्यांत चांगली काढली. पाणी मात्र वरूनच मिळालं. परीक्षेची फी आणि रंगाची पेटी जमली नाही, परीक्षा राहिली. पण एक कळलं. कळशी नीट बघायला शिकवणाऱ्याला तिच्यापुढं बसलेलं पोरगं दिसत नव्हतं. न बघणं हेसुद्धा शिकवलेलं असतं.

जे रोजच्या सवयीनं आलं ते एका भाषणानं जाणार नाही. त्याला रोजचीच उलटी सवय पाहिजे. तथागतानं अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम सांगितला, सम्यक स्मृती सांगितली. दोन्ही रोज करायच्या गोष्टी आहेत. बाबासाहेब उतारवयात, शरीर थकलेलं, नजर अधू झालेली, तेव्हा चित्रकला शिकले. त्यांनी काढलेला बुद्ध उघड्या डोळ्यांचा आहे. घटना लिहिणाऱ्या माणसाला रिकामा वेळ होता म्हणून त्यानं कुंचला धरला, असं कोण म्हणेल?

पण इथं एक अडचण येते, ती लपवणार नाही. चित्र काढणारा बसलेला असतो आणि ज्याचं काढतो तो राबत असतो. एकदा कापसाच्या बांधावर बसून एका वेचणाऱ्या बाईचं चित्र काढत होतो. ती म्हणाली, "पेंटरभाऊ, बसून काय बघायलास? गाठोडं उचलू लाग की." वही खाली ठेवली, गाठोडं तिच्या डोक्यावर दिलं. परत आली तेव्हा विचारलं, आक्का, तुमचं चित्र काढू का? म्हणाली, "काढ बापा. पण हे फाटके हात काढू नको."

मी अडलो. मला तर हातच काढायचे होते. बोंडाच्या टोकांनी चिरलेली बोटं. आपल्या लिखाणातही आपण हेच करतो, जखम दाखवतो, आणि दाखवलीच पाहिजे. पण जखम कुणाची? तिची. मग ती दाखवायची का नाही हे ठरवणारा मी कोण? त्या दिवशी मी तिचं तोंड काढलं. ती हसत होती. घरी येऊन हात आठवून काढता आले असते. काढले नाहीत. ते चूक की बरोबर यावर आजही माझं मन भांडतं. मात्र एक नेम तेव्हापासून पाळतो. आधी गाठोडं उचलायचं, मग विचारायचं, मग काढायचं.

तिसरा सवाल पोरगा करतो. फ्लेक्स आल्यावर धंदा बसला, आता या वह्या कोण ठेवणार? रद्दीतच जायच्या ना? जातील. रॉबर्ट गिल नावाचा कंपनी सरकारचा लष्करी अंमलदार 1844 पासून अजिंठ्याच्या लेण्यांत वर्षानुवर्षं बसून तिथल्या चित्रांच्या नकला करत राहिला. त्यातल्या बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. आणि मुळात ती लेणी रंगवणारे हात कुणाचे होते? भिंतीवर त्यांची नावं नाहीत. कागद जळतो, नाव पुसतं. पण रोज पाहून माणूस जो बदलतो, ते त्याच्यापाशी राहतं. तो शेजाऱ्याशी बोलतो तेव्हा त्याला शेजारी दिसतो.

माझी रीत साधी आहे. जुनी खतावणी, एक बॉलपेन. खोडरबर नाही, म्हणजे चूक लपत नाही. जेवणानंतर एक पान, तारीख टाकून. पान फाडायचं नाही. ज्या दिवशी हात उचलला नाही त्या दिवसाची तारीख टाकून पान कोरं सोडायचं. नातू आजारी होता, धंदा बुडाला, मुकाट पडून राहिलो, ती सगळी कोरी पानं वहीत आहेत. तीही माझीच आहेत. नेम हा मुकादम होऊ द्यायचा नाही. आपल्या हातांनी मुकादम पुष्कळ पाहिले. दिवसभर हात दुसऱ्याच्या हुकमानं चालतो, हा अर्धा तास तो कुणाचा हुकूम घेत नाही. म्हणून मी याला चैन म्हणत नाही, हक्क म्हणतो.

मायचं चित्र झालं नाही. आता होणारही नाही. पण बायको भांडी घासून दारात बसते तिची पानं शंभरावर झाली असतील. परवा तिनंच विचारलं, "आज माझं काढायचं नाही का?" आणि पदर नीट करून बसली. मित्रांनो, तुमच्याही घरात असं कुणीतरी बसलेलं असेल. त्याच्या भुवया कशा आहेत, आज रात्री बघा.