दावा आणि सत्ता : ख्रिस्ती धर्माचे इतर धर्मांशी नाते

ख्रिस्ती धर्म जन्माला आला तोच अनेक धर्मांच्या शेजारात. येशू आणि त्याचे पहिले शिष्य यहुदी होते. भोवती रोमन साम्राज्यातली देवळे, ग्रीक तत्त्वज्ञांच्या शाळा आणि पूर्वेकडून आलेले नाना पंथ होते. त्यामुळे ‘इतरांच्या धर्माचे काय?’ हा प्रश्न या धर्माला पहिल्या दिवसापासून चिकटलेला आहे. नव्या करारात त्याची दोन उत्तरे शेजारीशेजारी आढळतात. ख्रिस्ताखेरीज पित्याकडे जाण्याचा मार्ग नाही, असे योहानाचे शुभवर्तमान सांगते. आणि प्रत्येक मनुष्याला उजळणारा प्रकाश जगात आला, असेही त्याच शुभवर्तमानाच्या आरंभी म्हटले आहे. प्रेषित पौल अथेन्समध्ये ‘अज्ञात देवा’ची वेदी पाहतो, तेव्हा ती मोडायला सांगत नाही, तुम्ही नकळत ज्याला भजता त्याचीच ओळख करून द्यायला आलो आहे, अशी सुरुवात करतो.

दुसऱ्या शतकातल्या जस्टिनने या दुसऱ्या उत्तराला तात्त्विक रूप दिले. ईश्वरी शब्दाचे बीज सगळ्या मानवजातीत पेरलेले आहे, म्हणून सॉक्रेटिसासारखे विवेकाने जगलेले लोकही एका अर्थी ख्रिस्ताचेच होते, असे त्याचे म्हणणे. तिसऱ्या शतकात कार्थेजच्या सिप्रियनने ‘चर्चबाहेर तारण नाही’ हा सिद्धान्त मांडला, तो फुटून निघालेल्या ख्रिस्ती गटांना उद्देशून. इ.स. ३८० मध्ये ख्रिस्ती धर्म रोमचा राजधर्म झाला आणि हळूहळू तेच वाक्य सगळ्या जगाला लावले जाऊ लागले. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या परिषदेने ते यहुदी व मूर्तिपूजक यांची नावे घेऊन जाहीर केले. म्हणजे वाक्य तेच राहिले, मात्र ते बोलणाऱ्याच्या हाती राज्य आले. ख्रिस्ती धर्माच्या इतर धर्मांशी असलेल्या नात्याचा इतिहास समजून घ्यायचा तर हा फरक ध्यानात ठेवावा लागतो. आपल्याजवळ सत्य आहे असा दावा बहुतेक धर्म करतात. त्या दाव्याला सत्तेची जोड मिळाली की शेजारी संवादातला सोबती राहत नाही, तो प्रजा होतो.

एकाच माणसाच्या आयुष्यात हे दोन्ही पाहायला मिळते. रुडॉल्फ अक्वाव्हिवा हा इटालियन जेझुइट १५८० मध्ये फतेहपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी पोहोचला. तिथे तो पाहुणा होता. मौलवींसमोर आपली बाजू मांडायची, त्यांची ऐकायची, त्यांच्या ग्रंथांचा अभ्यास करायचा, एवढेच त्याच्या हाती होते. अकबराने धर्म बदलला नाही, तरी तीन वर्षे हा संवाद चालला. १५८३ मध्ये अक्वाव्हिवा गोव्याला परतला आणि साष्टीतल्या मिशनचा प्रमुख झाला. इथे त्याच्या पाठीशी पोर्तुगीज राज्य होते. साष्टीतली देवळे आधीच पाडली गेली होती, आणि त्यात कुंकळ्ळीचीही होती. त्याच वर्षी जुलैमध्ये चर्चसाठी जागा पाहायला तो चार सहकाऱ्यांसह कुंकळ्ळीत गेला. गावकऱ्यांनी त्या पाचही जणांना ठार केले. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी म्हणून बोलावले आणि मारले. अक्वाव्हिवाची श्रद्धा सिक्रीत आणि कुंकळ्ळीत एकच होती. सिक्रीत तो सैन्याविना आला होता, कुंकळ्ळीत त्याच्या आधी सैन्य येऊन गेले होते.

त्याच साष्टीत थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट राहत होता. १५७९ मध्ये तो गोव्यात आला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांची जुनी पुराणे गेली होती, आणि त्यांच्या जागी गाण्याजोगे, ऐकण्याजोगे काही नव्हते. स्टीफन्सने मराठी ओवीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये राशोल इथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात स्वर्ग ‘वैकुंठ’ होतो आणि बायबलची कथा पुराणाच्या चालीने पुढे सरकते. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या आजही शाळकरी मुलांपासून अभ्यासकांपर्यंत अनेकांना ठाऊक आहेत. जो धर्म देवळांच्या भिंती पाडत होता, त्याच्याच एका पुजाऱ्याला ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदाचा आश्रय घ्यावासा वाटला. भाषा उसनी घेताना तिच्यातली श्रद्धेची सवयही सोबत येते; ‘ख्रिस्तपुराण’ हा त्याचा पुरावा आहे. गोव्याच्या सत्ताधाऱ्यांना मात्र ही जवळीक मानवली नाही. १५६० मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, १८१२ पर्यंत, मधला अल्पसा खंड वगळता, चालू राहिले, आणि १६८४ मध्ये स्थानिक भाषेऐवजी पोर्तुगीज वापरण्याचा हुकूम निघाला.

हाच पेच इतरत्रही पडला. मदुराईत जेझुइट रॉबर्टो द नोबिलीने संन्याशाचा वेष घेतला. नवख्रिस्त्यांना जानवे ठेवू देण्याची त्याची भूमिका पोपने १६२३ मध्ये मान्य केली. चीनमध्ये मातेओ रिचीने कन्फ्यूशियसचा आदर आणि पूर्वजांचे स्मरण ख्रिस्ती जीवनाशी सुसंगत ठरवले. रोमने पुढे हे विधी निषिद्ध ठरवले, १७४२ मध्ये वादावर पडदा टाकला आणि थेट १९३९ मध्ये तो उचलला.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत निराळेच चित्र दिसू लागले. राज्य ख्रिस्ती माणसांचे होते, पण धर्माचा निकाल त्यांच्या दरबारात लागत नव्हता. मिशनरी जॉन विल्सन यांच्याशी १८३०च्या सुमारास पंडितांचे जाहीर वाद झाले आणि मोरभट दांडेकर यांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहून उत्तर दिले. १८५७च्या जानेवारीपासून मेपर्यंत विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी आठवड्याच्या आठवड्याला वाद केला. त्याचा वृत्तान्त जॉर्ज बोवेन या अमेरिकी मिशनऱ्याने प्रसिद्ध केला. हे वाद सौम्य नव्हते. दोन्ही बाजू एकमेकांच्या देवांची उलटतपासणी करत. तरीही त्यांचे मोल मोठे आहे. वाळूवर उभा असलेला प्रतिपक्षी प्रश्न विचारू शकत होता, आणि त्याला उत्तर द्यावे लागत होते.

महाराष्ट्रातल्या पुढच्या पिढीत हा प्रश्न अंतर्मुख झाला. पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक या दोघांची उत्तरे परस्परविरुद्ध आहेत. संस्कृत शास्त्रांत मुरलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. आयुष्याच्या उत्तरार्धात केडगावला हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करताना, जुन्या धर्मकल्पनांचे ओझे असलेले शब्द त्यांनी जाणीवपूर्वक बाजूला ठेवले. ज्या शास्त्रांनी विधवेला माणूसपण नाकारले, त्यांची शब्दकळा त्यांना विश्वासार्ह वाटेना. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि संतांचा वारसा घट्ट धरून ठेवला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तने केली आणि १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना सारखेच स्थान होते. यांपैकी एकच बरोबर, असे म्हणता येत नाही. परंपरेतल्या जाचाला नकार देणे आणि तिच्यातल्या भक्तीला होकार देणे, दोन्ही प्रामाणिक संवादाचे भाग आहेत.

जागतिक चर्चची भूमिका विसाव्या शतकात बदलली. युरोपच्या ख्रिस्ती भूमीवर ज्यूंचा संहार झाला होता आणि वसाहती एकेक करून स्वतंत्र होत होत्या. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईला आले आणि अन्यधर्मीय प्रतिनिधींसमोर त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली असत्याकडून सत्याकडे नेण्याची प्रार्थना उच्चारली. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी मंजूर केले. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, अशी ग्वाही त्यात आहे. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सरसकट ज्यूंवर ठेवणेही त्याने नाकारले. प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चच्या जागतिक परिषदेने १९७१ पासून संवादासाठी स्वतंत्र विभाग चालवला. त्याचे पहिले प्रमुख स्टॅनली समर्था हे भारतीय होते.

दावा मात्र विरला नाही. तारण केवळ ख्रिस्तातच, असे मानणारे आहेत. इतर धर्मांतही ख्रिस्ताचीच कृपा अज्ञातपणे काम करते, असे धर्मशास्त्रज्ञ कार्ल रानर यांच्या वाटेने जाणारे मानतात. सर्व धर्म एकाच परमसत्याकडे वळलेले आहेत, ही जॉन हिक यांची मांडणी. २००० साली व्हॅटिकनने ‘दोमिनुस येसुस’मध्ये ख्रिस्ताच्या अनन्यत्वाचा पुनरुच्चार केला, तेव्हा अनेकांना तो संवादातून माघार वाटला. परंतु ज्याची काही ठाम श्रद्धाच नाही, त्याला संवादात आणण्याजोगे काय असणार? दावा असावा, त्याच्यामागे पोलीस, पैसा किंवा भीती उभी नसावी.

भारतात धर्मांतराच्या वादाची कसोटीही हीच आहे. राज्यघटनेच्या २५व्या कलमात धर्माचा प्रचार करण्याचे स्वातंत्र्य आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय दिला. आमिष दाखवून घडवलेले धर्मांतर श्रद्धेचा अपमान करते, आणि स्वेच्छेने केलेल्या धर्मांतरावर दहशत बसवणे तोच अपमान उलट दिशेने करते. कुंकळ्ळीचा धडा दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे.

पंडितांच्या वादापलीकडे लोकांनी आपली वाट काढलेलीच होती. गोव्यात म्हापशाची मिलाग्रीस सायबीण आणि शिरगावची देवी लईराई या बहिणी मानल्या जातात. सणाला देवळाकडून तेल जाते, चर्चकडून मोगऱ्याची फुले येतात. इन्क्विझिशनच्या भूमीत हे नाते टिकले. पुण्यात, मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुले यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एका घराचे चित्र रेखाटले : आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि कोणी कोणाचा द्वेष न करता सगळे प्रेमाने नांदतात. त्या घरात प्रत्येकाचा धर्म आहे, प्रत्येकाचा ग्रंथ आहे. फक्त एकाचा धर्म दुसऱ्यावर लादण्याची सत्ता कोणाकडेच नाही.